शॉमबर्गमधली ऑक्टोबर छाटणी

“पळ, सत्या, पळ! मागं बघू नकोस गाढवा, पळ!”

बापूकाका ओरडत होते, मी पळत होतो, आणि आमच्या मागे अख्ख्या इलिनॉय राज्यातल्या गांधीलमाश्या होत्या. झालं होतं असं, की गवताखालच्या जमिनीला भोकं पाडणारं ते भाड्यानं आणलेलं मशीन बापूकाकांनी थेट माश्यांच्या जमिनीतल्या पोळ्यावरून नेलं. एरेटर म्हणतात त्याला. वजन एका म्हशीचं, स्वभाव दोन म्हशींचा. पहिली माशी त्यांच्या कानाला डसली. शहाण्या माणसानं मशीन तिथंच सोडून घर गाठलं असतं. बापूकाकांनी मशीन वळवलं आणि पुन्हा पोळ्यावर घातलं. मग तिसऱ्यांदा घातलं. “घ्या! अजून घ्या!” असं म्हणत शहात्तर वर्षांचा, बायपास झालेला माणूस त्या मातीतून माश्यांचा चिखल काढत होता. अखेर निर्मलाकाकूंनी होजपाइपचा फवारा माश्यांवर आणि नवऱ्यावर सारखाच सोडला, तेव्हा कुठे लढाई थांबली. डॉक्टरीणबाईंनी अठरा डंख मोजले. बापूकाका पुढे ऐंशी सांगायचे. मी हल्ली तीनशे सांगतो, कारण माणूस गेल्यावर त्याच्या जखमा कमी करून सांगणं बरं दिसत नाही.

ही गेल्या सप्टेंबरची गोष्ट. या ऑगस्टमध्ये बापूकाका गेले. गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून गवत कापायच्या मोवरचं पातं घासता घासता गेले... सकाळी दहा वाजता, आवाज न करता. आयुष्यात त्यांनी आवाज न करता केलेलं हे एवढं एकच काम. काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली, मी धावत गेलो, तर पातं मांडीवर आणि कानस हातात. ऐन मोसमाच्या तोंडावर शस्त्राला धार लावताना गेलेला माणूस म्हणून मी त्यांना वीरगतीच दिली आहे. कुणाची हरकत असेल तर कुंपणापाशी येऊन बोलावं.

अकरा वर्षं मी त्यांचा शेजारी. मी पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. ते नाशिककडचे, द्राक्षबागायतदाराच्या घरातले, चाळीसेक वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून इथं आलेले. “तुम्हा पुणेकरांचं शेत म्हणजे गॅलरीतल्या तीन कुंड्या,” हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. माझी हिरवळ पाहून ते म्हणाले, “हे गवत नाही, हा उपास आहे.” आणि मी काही बोलायच्या आत गुडघ्यावर बसून माझ्या लॉनचा एक तुकडा चादरीसारखा उचलला. खाली पांढऱ्या, जाड, वळवळत्या अळ्या. गवताची मुळं खाणाऱ्या. मी औषधाचं नाव विचारलं. त्यांनी अंगठा दाखवला. मग दुपारभर त्या अळ्या ते एकेक करून चिरडत बसले आणि प्रत्येकीला भावकीतल्या एकेकाचं नाव देत गेले. “हा बबन. बांध कोरला होतास ना माझा? घे. ही याची बायको.” संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन पिढ्या संपवल्या. माझी हिरवळ त्या वर्षी तरारली, हे मात्र खरं.

इथं सप्टेंबरमध्ये हवा गार होते, पण जमीन उबदार असते. भोकं पाडा, बी टाका, खत द्या, रोज हलकं पाणी द्या, की थंडीच्या आत गवत मूळ धरतं. सगळा मोहल्ला हे सौम्यपणे करायचा, कॉफीचा मग हातात घेऊन. बापूकाका ते सूड घेतल्यासारखं करायचे. गवत विंचरायचा रेक असा ओढायचे की शेजारच्या कुत्र्यानं सोफ्याखाली जावं. गवत उकरायला आलेल्या एका स्कंकला त्यांनी फावडं घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत हाकललं, आणि त्या प्राण्यानं जाता जाता आपला जो दुर्गंध सोडला तो अंगावर घेऊन ते विजयी मुद्रेनं परत आले. काकूंनी आठवडाभर त्यांना गॅरेजमध्ये जेवायला वाढलं.

पण खरी कत्तल व्हायची झुडपांची. द्राक्षवाल्यांच्या घरात ऑक्टोबर छाटणी हा धर्म. वेल सपासप कापायचा, म्हणजे तो घाबरून फुटतो आणि घडांनी लगडतो. हा धर्म बापूकाकांनी जसाच्या तसा इथं, इलिनॉयमधल्या शॉमबर्गला आणला. त्यात अमेरिकेत थंडी लवकर येते म्हणून सप्टेंबरातच आणला. अंगणात काकूंनी हौसेनं लावलेला लायलॅक होता. जांभळ्या फुलांसाठी लावलेला. दर सप्टेंबरात बापूकाका मोठी कात्री घेऊन त्याच्यावर तुटून पडायचे, गुडघ्याएवढा करून ठेवायचे, वर खत घालायचे. कोवळे फुटवे यायचे आणि पहिल्या हिमात काळे पडायचे. आणि मे महिन्यात साऱ्या गल्लीतले लायलॅक फुलायचे तेव्हा बापूकाकांकडे नुसता पाला.

नर्सरीतल्या बाईनं मला सांगितलं, की अरे, हे झाड पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरून ठेवतं. सप्टेंबरात कापलं की फुलंच कापली जातात. मी धावत जाऊन बापूकाकांना सांगितलं. त्यांचे डोळे असे लाल झाले की मी दोन पावलं मागे सरलो. “माझ्या बापानं तीस एकर छाटली! तू मला शिकवतोस?” “काका, तो वेल होता, हे झुडूप आहे.” “झाड ते झाड! त्याला भीती वाटली पाहिजे!” आणि कात्री उगारून त्यांनी मला घराभोवती दोन फेऱ्या पळवलं. (इतरांना मी पाच सांगतो.) काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला.

आता गेल्या सप्टेंबरच्या त्या लढाईचं खरं कारण सांगतो. त्यांचा मुलगा निखिल दूर, दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला असतो. बायपासनंतर त्यानं फोनवर शेवटचं सांगितलं होतं, “बाबा, इनफ. लॉन कंपनीला द्या, नाहीतर हाउस सेल करून इकडे या. तुम्ही लॉन करताना पडलात तर आई एकटी काय करणार?” अ‍ॅशबर्नला त्याचं टाउनहाउस, पुढे अंगण म्हणजे दोन कुंड्यांची जागा. बापूकाका माझ्याकडे आले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. आवाज खाली होता. “सत्या, तिथं मी काय करू रे? बसून राहू?” मग म्हणाले, “थँक्सगिव्हिंगला येतोय तो. तोपर्यंत हे गवत असं करून दाखवतो, की पोराची बोलती बंद.” मी त्यांच्या हातावर हात मारला. अशा रीतीनं मी त्या युद्धात सामील झालो, आणि माश्यांनी माझ्याही पार्श्वभागाचा हिशेब चुकता केला.

आम्ही जिंकलो. सुजलेल्या तोंडानं त्यांनी बी पेरलं, एका डोळ्यानं पाणी घातलं, उतरलेल्या प्रत्येक पक्ष्याला शिव्या आणि दगड घातले. नोव्हेंबरात सगळी गल्ली पिवळी पडली असताना बापूकाकांचं अंगण हिरवंगार होतं, गालिच्यासारखं. निखिल आला, गाडीतून उतरला, उभा राहिला. बूट काढून त्या गार गवतावर चालला. “ओके बाबा. यू विन.” बापूकाकांनी मला कुंपणावरून अशी मिठी मारली की माझी एक बरगडी अजून पावसापूर्वी दुखते. तो हिवाळा, तो उन्हाळा ते स्वतःच्या घरात राजासारखे राहिले.

मागच्या शनिवारी दुपारी बघतो तर निखिल घरासमोर ‘विकणे आहे’ची पाटी ठोकत होता. ठोकत होता कुठे, तर बरोबर त्या गवतात! माझं डोकंच फिरलं. मी कुंपणावरून उडी मारली, पाटी उपटली, रस्त्यावर भिरकावली आणि त्याची कॉलर धरली. “लाज वाटत नाही? तुझ्या बापानं रक्त सांडलंय इथं! काकूंना घरातून काढतोस?” निखिलचा चेहरा पांढरा पडला. “दादा, चिल... ऐक तरी.” मी ऐकतोय कसला! मी त्याला हलवत होतो, आणि सांगायला हरकत नाही, मी रडत होतो. सांगत होतो, की मी करीन एरेशन, मी टाकीन बी, या घराच्या एका काडीला कुणाला हात लावू देणार नाही, काकू इथंच राहतील.

दार उघडून काकू बाहेर आल्या. अंगात प्रवासाचा कोट, हातात पर्स.

“सत्या, सोड त्याला. मीच सांगितलंय पाटी लावायला. मला अ‍ॅशबर्नला जायचंय. चार वर्षांपासून जायचं होतं.”

माझे हात आपोआप सुटले. “काकू... मग काकांना सांगितलं का नाहीत?”

काकूंनी पर्सची चेन लावली.

“सांगितलं होतं. मोवर चालू होता.”