भर दुपारची गस्त

देशाच्या कुठल्याही सरहद्दीवर नसेल इतका कडक बंदोबस्त शिराळ्याजवळच्या आमच्या छोट्याशा गावात आहे, आणि तो एकट्या माणसाचा आहे. ते माझ्या मावशीचे यजमान. सुभेदार होऊन सैन्यातून परतले, पण अंगातली फौज काही उतरली नाही. गावातली कामाची माणसं सकाळीच उसाच्या रानात जातात, दुपारी गल्ल्या ओस पडतात. म्हणून मावसोबा भर उन्हात, कडक इस्त्रीची पँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून गस्तीला निघतात. आजवर त्यांच्या हाती एकही चोर लागलेला नाही. मात्र गस्तीवर ओळखपाळख ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा वैरणीचा भारा घेऊन येणाऱ्या मावशीलाच त्यांनी "थम! कौन आता है?" म्हणून अडवलं. मावशी भाऱ्याखालून म्हणाली, "आवं, तुमची बायकू हाय. सरका, न्हाईतर आज भाकरीलाच थम म्हणते!" मावसोबा सरकले, पण शिट्टी वाजवून.

प्रत्येक उघड्या दारातून ते हाक देतात आणि आतून 'ओ' आल्याशिवाय हलत नाहीत. जरा डोळा लागलेली माणसं वैतागत. माझी आईही वैतागायची. मी एकदा हसत विचारलं, "मावसोबा, चोरच नाहीत तर गस्त कशाला?"

"चोर धराय पोलीस हायत की. गस्त म्हंजे कोण तरी बघून जातंय, एवढं घरातल्याला ठावं असणं."

मी नोकरीला साताऱ्यात, आई गावात एकटी. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला, ओरडायचंही त्राण उरलं नाही. मावसोबांनी दारातून हाक दिली, 'ओ' आली नाही. पुन्हा दिली, आणि मग ते थेट आत शिरले. त्यांनी शिट्टी अशी फुंकली, की रानातली माणसं धावत आली. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी आईचा हात सोडला नाही. ऑपरेशन झालं, आई पुन्हा चालू लागली. मी आभार मानू लागलो, तर ते खेकसले, "ते ऱ्हाऊ दे. आदी न्हाणीतली फरशी खरबरीत करून घे!"

आता गावी गेलो, की मी त्यांच्याबरोबर फिरतो. त्यांचे गुडघे दुखतात, चाल मंदावली आहे. बऱ्याच घरांना कुलपं आहेत; पोरं पुण्याला गेली, मागून म्हातारी माणसंही. मावसोबा अशा घरासमोर थांबतात, कुलूप ओढून बघतात.

"तिकडं बरी असत्याली न्हवं रं सगळी?"

मी 'व्हय' म्हणतो. खरं तर मला ठाऊक नसतं.