छातीभर पाण्यातला लवू

वायरीच्या किनाऱ्यावर रांपण लागली, म्हणजे ते लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी ओढायला अर्धा गाव जमला, की लवू कुबल छातीभर पाण्यात उभा असायचाच. जाळ्याची खालची कड पायाने वाळूत दाबून धरायची, मासा खालून सटकू द्यायचा नाही, हे त्याचं काम. वर तोंडाचा पट्टा चालू. माणूस लाख मोलाचा, पण जिभेला हाड म्हणून नाही!

एकोणसाठ साली त्याला क्षयाने गाठलं. घाटावरच्या इस्पितळात उजव्या फुप्फुसाचा तुकडा कापून काढला. जीव वाचला. निघताना डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनात एक नस दुखावली आहे. श्वासाचा पडदा त्या बाजूला हलत नाही. सुधारेल, कदाचित नाही सुधारणार. उताणं झोपू नका, जड उचलू नका." पाण्याचं कोणी काही बोललं नाही. घाटावरच्या माणसांना ते सुचणार तरी कसं?

नारळी पौर्णिमा झाली आणि लवू हौसेने पाण्यात शिरला. पाणी बेंबीच्या वर आलं मात्र, त्याचा श्वासच कोंडला. पायाखालची कड सुटली, बांगडा सटकला. दोघांनी धरून बाहेर आणला, तर वाळूवर पाच मिनिटांत गडी ठणठणीत! दुसऱ्या खेपेलाही तेच. लवू भ्याला, अशी कुजबुज सुरू झाली.

"दर्यान माका टाकल्यान गो," तो बायकोला, शेवंतीला म्हणाला, आणि त्याने रांपणीकडे जायचंच सोडलं. घरात थट्टा नाही की मस्करी नाही.

एका दुपारी ती त्याच्या छातीला तेल चोळायला बसली. तो विसरून बाजेवर उताणा पडला आणि धापा टाकू लागला, अगदी पाण्यात टाकायचा तशाच. तिने त्याला उठवून बसवलं.

"शिरा पडो तुमच्या त्या इचारार! हय बाजेर खंयचो इलो दर्यो? पोटाचो भार छातीर इलो काय तुमचो दम कोंडता. पाण्याचोय भारच तो!"

तशीच पदर खोचून ती रांपणीचा म्होरक्या काशीराम तांडेल याच्याकडे गेली आणि सगळं सांगून आली.

सकाळी काशीराम स्वतः अंगणात हजर. लवूने मान खाली घातली. "माका खोल उतराक जमाचा नाय, दादा."

"तुका उतर म्हणता कोण, मेल्या? तू गुडघ्याभर पाण्यात उभो रव. जाळा आमी थंयसर ओढून हाडतलंव."

ऑपरेशनला न रडलेला लवू तिथेच अंगणात ढसाढसा रडला.

ती नस पुढे काही जागी झाली नाही. खोल पाण्यात साठीचा काशीराम उभा राहायला लागला. पण पुढची सात वर्षं, म्होरकेपण हातात होतं तोवर, लवूच्या पायांपर्यंत जाळं आल्याशिवाय काशीरामने कोणालाच माशाला हात लावू दिला नाही.