केंद्राच्या पायरीवर

अपंगांच्या सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या दारात काल शेजारच्या सुमनताई दिसल्या. कारखान्यात उजवा हात गेल्यापासून त्या इथे डाव्या हाताने शिवण शिकत होत्या. आता कुठे शिलाई सरळ येऊ लागली होती. दाराला मात्र कुलूप.

"अनुदान थांबलंय, बाई. पुन्हा कधी उघडेल, सांगता येत नाही," पहारेकरी म्हणाला.

सुमनताई पायरीवरच बसल्या. "हात गेला तेव्हा रडले नाही मी. वाटलं, दुसरा आहे ना!"

अपघात सांगून येत नाही. त्याच्यावर रागावणार तरी कसं? पण हे अनुदान थांबवणं कुणीतरी शांतपणे बसून ठरवलेलं असतं.

"घरचे म्हणायचे, तुझ्याने काही व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता त्यांना काय सांगू?"