सातवं बटण

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोजवळ नाही, साकीनाक्याच्या गाळ्यात वीस वर्षं शेजारच्या लेथवर उभ्या असलेल्या मित्राजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही भलतीच समजूत करून घ्याल. माझं राजकीय मत बदललेलं नाही. तेव्हा ज्या बाजूचा होतो त्याच बाजूचा आजही आहे, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही. देश म्हटलं की माझा आवाज चढतो — चढू दे. आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीत मतदानाच्या दिवशी सकाळी सातला दारं वाजवत फिरणारा माणूस मीच. जोडून सुट्टी आली म्हणून लोणावळ्याला निघालेल्यांना लिफ्टमध्ये गाठून चार शब्द सुनावणारा मीच. लोक वैतागतात, पण माघारी म्हणतात, याला बोलायचा हक्क आहे, याचा भाऊ देशासाठी गेला.

भाऊ गेला हे खरं. विलास. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी त्याला सायकल शिकवली, भरतीच्या आधी पहाटे त्याच्यासोबत धावलो. धाप मला लागायची, तो हसायचा. उंचावरच्या एका चौकीवर शिधा पोचवायला त्यांची तुकडी निघाली होती, वरून बर्फ कोसळला. एवढंच. गोळी नाही, शत्रू नाही. घरी आलेल्या अधिकाऱ्याने आईला हे साध्या शब्दांत सांगितलं. तिने त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि नीट ऐकून घेतलं. तोवर काचबिंदूने तिची नजर जवळपास गेली होती. त्यानंतर जो कोणी भेटायला यायचा त्याला ती तेच सांगायची — वरच्या पोरांना जेवण पोचवायला गेला होता, बर्फात राहिला. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मला ते पुरत नव्हतं. आता हे बोलायला जीभ अडखळते, पण मला ते खरंच पुरत नव्हतं. माझा भाऊ, आणि बर्फात?

पुढे निवडणूक आली. आमच्या बाजूच्या उमेदवाराची माणसं गाळ्यावर आली. त्याला सगळे साहेबच म्हणायचे. त्यांना फलकासाठी विलासचा गणवेशातला फोटो हवा होता. मी दिला. आईला विचारलं नाही. कसा गेला म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "दादा, बर्फात असं लिहून जोर येत नाही ना." आणि मग मी — त्यांनी नाही, मी — म्हणालो, "लिहा ना मग, शत्रूशी लढताना."

थांबा. कबुली ही नाही. ही असती तर मी कधीच कुणाजवळ तरी बोलून मोकळा झालो असतो.

इमारतीमागच्या मैदानात सभा झाली. मला स्टेजवर खुर्ची मिळाली, शाल-श्रीफळ मिळालं, साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. छाती फुगली होती माझी. भाऊ गेल्याचं दुःख त्या तासाभरात कुठे गेलं होतं कोण जाणे! आई चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून लाऊडस्पीकरवरचं सगळं ऐकत होती. मी घरात आलो, तेव्हा ती जागची उठली नाही.

"अरुण, माझा पोरगा बर्फात गेला," ती म्हणाली. "ते काय कमी होतं रे, म्हणून तुम्ही वर अजून चढवलंत?"

मी म्हटलं, आई, सभेत असं बोलावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून प्रचाराला जो कोणी दारात येईल त्याला ती आत बोलवायला लागली. कुठल्या पक्षाचे, काय करणार, हे सगळं ती ऐकून घ्यायची. मागच्या कचऱ्याच्या डंपिंगच्या वासाचं काय करणार, हेही विचारायची. आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न — माझ्या मुलाबद्दल तुम्ही भाषणात काय बोलणार? कुणी म्हणालं, पुतळा उभारू. कुणी म्हणालं, रस्त्याला नाव देऊ. एक शाळेतली बाई अपक्ष उभी होती, सोबत चार माणसंसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "मावशी, तो कसा गेला ते मला माहीत नव्हतं. आता कळलं. मी त्याच्याबद्दल काहीच बोलणार नाही."

आईने तिला चहा दिला आणि यादीतला तिचा नंबर विचारला. सात.

मला राग आला. आजही तो राग आठवतो, आणि मी तो खोटा होता असं म्हणणार नाही. मला वाटलं, हिला भुलवलं. वाटलं, ज्या बाईचं डिपॉझिटसुद्धा वाचणार नाही तिला माझी आई मत देणार, आणि तेही विलासचं नाव घेऊन? देशाच्या गोष्टी हिला काय कळतात? — हे मी तिच्याबद्दल म्हणत होतो, जिने मुलगा दिला. मी काय दिलं होतं? एक फोटो.

मतदानाच्या दिवशी तिने निळी इरकल नेसली आणि नाश्ता नको म्हणाली. आधी मत, मग खाणं, हे तिचं कायमचं. रिक्षातून पालिकेच्या शाळेत गेलो. ज्यांना दिसत नाही त्यांना सोबत माणूस नेता येतो, त्यासाठी एका कागदावर सही करावी लागते. मतदाराच्या वतीने मी जे मत नोंदवीन ते गुप्त ठेवीन, असं त्यावर लिहिलेलं होतं. मी सही केली. ते वचन मात्र मी आजवर पाळलं, बरं का!

पुठ्ठ्याच्या आडोशाआड आम्ही दोघं. यंत्रावर नजर नसलेल्यांसाठी उठावाचे ठिपके असतात, पण ते तिला वाचता येत नव्हते. संधिवाताने बोटंही वाकडी झाली होती. तरी तिला स्वतःच दाबायचं होतं. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "सातवं हं. माझं बोट नीट ठेव, चुकायला नको."

आणि मी तिचं बोट हातात घेतलं. शाईने ओलं होतं ते. आणि ते मी तिसऱ्या बटणावर ठेवलं आणि म्हणालो, "दाब."

तिने दाबलं. सगळा जोर लावून दाबलं. शिट्टी वाजली. शेजारच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. तीन नंबर, साहेबांचं नाव, त्यांचं चिन्ह. मी ते वाचत उभा होतो.

"दिसलं का रे? सातवंच ना?"

"हो, सातवंच."

ही ती कबुली.

आता तुम्ही म्हणाल — एका मताने काय होतं? साहेब तर भरपूर फरकाने निवडून आले. खबरदार, हे मला सांगू नका. हेच मी स्वतःला वर्षभर सांगितलं. लिफ्टमध्ये ज्यांना मी सुनावतो, तेही हेच सांगतात. म्हातारी होती, भावुक झाली होती, असंही म्हणू नका. आमच्या अख्ख्या इमारतीत उमेदवारांना समोर बसवून प्रश्न विचारणारी ती एकटी होती. मी तर कुणालाच काही विचारलं नव्हतं. मला खुर्ची मिळाली, मी बसलो. आणि मी हे देशप्रेमातून केलं, असंही मी म्हणणार नाही. त्या दिवशी म्हटलं होतं. आज म्हणायची लाज वाटते.

पुढच्या वर्षी विलासच्या स्मृतिदिनाला साहेब घरी आले. सोबत फोटो काढणारे दोघे होते. विलासच्या तसबिरीला हार घालून ते आईच्या पाया पडले. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. आई आवाजाच्या दिशेने तोंड करून सरळ म्हणाली, "साहेब, तुम्ही माझ्या घरात आहात म्हणून सांगते. मी तुम्हाला मत दिलेलं नाही. माझ्या मुलाच्या नावावर तुम्ही खोटं बोललात, म्हणून दिलं नाही."

साहेबांनी हात जोडले. "आई, तो तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. बरे वागले, खोटं कशाला बोलू? एक वाक्य पुरलं असतं. तिला निदान स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या फोटोखाली खोटं ठरू न देण्यासाठी मी आधीच, कधीतरी, बोलायला हवं होतं. मी ट्रे पुढे केला.

ते गेल्यावर आई कधी नव्हे इतकी खुशीत होती. तिने दुसरा कप मागितला. "विलाससाठी मला एवढंच करता येत होतं, ते केलं," ती म्हणाली. "आता मी मोकळी." दिवाळीनंतर ती गेली. शेजारच्या बायका अजूनही तो किस्सा सांगतात, म्हातारीने साहेबांच्या तोंडावर कसं सांगितलं ते. मी मान डोलावतो.

त्या निवडणुकीत आईच्या आणि माझ्या नावावर साहेबांना दोन मतं पडली. दोन्ही माझी होती.