बारा फोटोंचा कापूस

गोपिका गजभिये गिरणी कामगाराची मुलगी. वडील दादाजी नागपुरातल्या एका गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची, आणि लहानगी गोपी ती फुंकर मारून उडवायची. छप्पन साली दहा वर्षांच्या गोपीचं बोट धरून ते दीक्षा घ्यायला गेले. परत येताना एवढंच म्हणाले, "आता तू शिकायचं. बाकी आम्ही पाहून घेऊ." ती शिकली, मास्तरीण झाली. पण कापसाचं झाड तिनं हात लावून पाहिलं ते अठ्ठाविसाव्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, सावनेरच्या अलीकडच्या एका गावात बदली झाल्यावर.

वर्ग चौथीचा, मुलं एकतीस. पुस्तकात कापसाचा एका पानाचा धडा होता आणि त्याखाली एक चित्र. ते पाहून मागच्या ओळीत खसखस पिकली.

"काहून हसून राहिले रे?"

"बाई, हे तं फुलकोबी दिसते!"

गोपिकाबाईंनी चित्र पुन्हा नीट पाहिलं. खरंच फुलकोबी. त्यांनाही हसू आवरेना.

त्या रविवारी गोपिकाबाई नागपुरात सीताबर्डीतल्या ताराचंद फोटोवाल्याकडे गेल्या. दादाजींची आणि त्यांची जुनी ओळख. दुकानाच्या फळीवर एक डब्बा कॅमेरा पडून होता.

"शाळेसाठी पायजे? घेऊन जा बेटा," ताराचंद म्हणाले. "एका रोलात बाराच फोटो निघतात, हे ध्यानात ठेव. रोल धुवायले मात्र माझ्याकडेच आणजो."

बाराच. गोपिकाबाईंनी वर्गात तेच आधी सांगितलं. पेरणीपासून सुतापर्यंत कापसाची सारी गोष्ट बारा फोटोंत बसवायची. कशाचा फोटो काढायचा हे वर्गानं ठरवायचं, खटका एकेकानं दाबायचा.

मग त्या वर्गात जे भांडण सुरू झालं ते पोळ्यापर्यंत मिटलं नाही. शाळेच्या बाजूलाच देवराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं. मुलं रोज मधल्या सुट्टीत बांधावर जाऊन पाहून यायची. आज काढायचा की उद्या? दोन पानं फुटल्यावर की चार? बैलांनी ओढायच्या डवऱ्याचा फोटो घ्यायचा की बायकांच्या निंदणाचा? जी पोरं पाटीवर चार ओळी लिहायला कुरकुर करायची, ती आता वहीत रोज झाडाची उंची बोटांनी मोजून लिहू लागली. एका फोटोच्या वेळी नेमकी शेळी मध्ये आली आणि पान खाऊन गेली. सारा वर्ग तिच्यावर तीन दिवस रागावला होता.

दहा फोटो वावरात झाले. गिरणीच्या आत कॅमेरा नेता येत नव्हता, म्हणून उरलेले दोन गोपिकाबाईंनी घरीच काढले. एकात दादाजींच्या तळहातावर कापसाचा पुंजका, दुसऱ्यात त्याच तळहातावर सुताची भरलेली कांडी.

जानेवारीत ताराचंदनी फोटो धुऊन दिले. काळे-पांढरे, तळहातात मावतील एवढे. गोपिकाबाईंनी ते एका मोठ्या पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवले, खाली सुबक अक्षरांत नावं लिहिली आणि पुठ्ठा भिंतीला लावला. मुलं पाहत राहिली. कुणी काही बोललं नाही. बाईंना वाटलं, भारावून गेली असतील.

दुपारी अंजनाबाई दारात आली. तिची प्रेमलता याच वर्गात होती. अंजनाबाई देवरावांकडे वेचणीला जायची, कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. ती पुठ्ठ्यापुढे थांबली. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, फोटो येत होते. एकेका फोटोवरून तिचं बोट सरकत गेलं आणि मध्येच अडलं.

"बाई, राग नका मानू. हे मांगचं पुढं झालं."

"कोणतं?"

"हे दोन फुलं. कापसाचं फूल पयल्या दिवशी पांढरं राह्यते, दुसऱ्या दिवशी लाल होते. हे काळं दिसून राह्यलं न, हे लाल असंन. ते मांग पायजे. तुमी त्याले आधी लावलं."

गोपिकाबाईंनी पाहिलं. कळी गडद, मग फूल गडद, मग उमलून पांढरं, असा त्यांनी आपल्या मनानं हिशेब लावला होता. त्या वर्गाकडे वळल्या.

"तुम्हाले माहीत होतं?"

एकतीस माना हलल्या.

"मग काहून नाही सांगितलं?"

प्रेमलता हळूच म्हणाली, "तुम्ही बाई आहा नं."

गोपिकाबाईंनी आपली खुर्ची ओढून अंजनाबाईपुढे ठेवली.

"बसा. पुढचं तुम्ही सांगा."

"मी? काय बोलता बाप्पा!"

पण ती बसली, अगदी काठावर. आधी पदर तोंडाला लावून बोलली, मग पदर सुटला. कीड पानाच्या कोणत्या बाजूला बसते, दव असताना वेचलेला कापूस का बिघडतो, बोंड कुठं धरलं म्हणजे बोटं ओरबाडत नाहीत. गोपिकाबाई प्रेमलतेशेजारी खाली बसून वहीत लिहून घेत होत्या. शेवटच्या फोटोपाशी मात्र अंजनाबाईचं बोट पुन्हा थांबलं.

"हे काय होय?"

"सूत. तुमच्या कापसाचं असंच होतं पुढे."

"मी तं गाडीत भरेपर्यंतच पाह्यलं," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात दादाजी रजा टाकून शाळेत आले, पिशवीत सुताच्या कांड्या घेऊन. अंजनाबाईनं एक धागा बोटांत धरून उजेडाकडे नेला.

"इतका बारीक? माह्या हातचा कापूस असंन का यात?"

"कोणाच्या तरी हातचा तं हायेच," दादाजी म्हणाले. "आम्हालेही कधी समजलं नाही, कोणाच्या."

मग मुलांना विसरून दोघं बराच वेळ लांब धाग्याच्या आणि आखूड धाग्याच्या कापसाबद्दल बोलत बसले. मुलांनीही त्यांना बोलू दिलं.

त्यानंतर गोपिकाबाईंनी फोटो कधी चिकटवून आणले नाहीत. ते सुटे जमिनीवर टाकायच्या आणि म्हणायच्या, "लावा. माझं चुकलं तर सांगा." पुढच्या काही वर्षांत त्यांच्या वर्गांनी आठवडी बाजार, कोलार नदीचा काठ, कुंभाराचं चाक, असं एकेक रोलात भरलं. बाईंच्या चुकाही पुष्कळ निघाल्या.

ब्याऐंशी साली त्यांची बदली हुडकेश्वरला झाली. तिथल्या वर्गानं सावली निवडली. शाळेपुढच्या झेंड्याच्या खांबाची सावली, दर महिन्याच्या पंधरा तारखेला, दुपारी बारा वाजता. जुलैच्या पंधराला आभाळ गच्च भरलेलं.

"आज राहू द्या," गोपिकाबाई म्हणाल्या. "सावलीच नाही, तर कशाचा फोटो?"

रुखमा नावाची एक मुलगी पुढे आली. "काढा नं बाई. सावली नाही, हेही तं दिसलं पायजे."

गोपिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा तिच्या हाती दिला.