बोलावणं नसलेली सावड

मार्था काकीला लावणीला कोणी बोलवत नसे, आणि तिने गावातल्या एकाही घरची लावणी कधी चुकवली नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, डोळखांबच्या वाटेवर. तिथे भाताची लावणी सावडीने होई. आज माझ्या खाचरात तुमच्या घरची बाई, उद्या तुमच्या खाचरात माझ्या घरची. मजुरीचा प्रश्न नसे. सावडीबाहेर पडलेल्या घराची रोपं जागच्या जागी पिवळी पडत, कारण एकट्या बाईला सगळं शेत वेळेत लावून होत नाही. काकी आणि तिचा नवरा किरिस्ताव झाले तेव्हा गावाने नाक मुरडलं, पण सावड चालू ठेवली. नवरा वारल्यावर तिने गावदेवीला घरटी द्यायचा कोंबडा नाकारला, आणि मग सावड तुटली. "देवीला कोंबडा नाय देनार," तिने भर बैठकीत सांगितलं. "देवीच्या मान्सांना हात देईन." गावाने हात नको म्हटलं. तिने तो दिलाच.

ज्याची लावणी, त्याच्या बांधावर ती सकाळी हजर. आधी डोक्यावरचं इरलं उतरवून ठेवी, पावसात डोळे मिटून उभी राही आणि शेताच्या धन्याचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करी. मग पदर खोचून चिखलात उतरे. गणूदादाचं शेत तिच्या शेताला लागून. तिला सावडीबाहेर काढण्यात तोच पुढे होता.

"माजं नाव घेऊ नको गो," तो ओरडे.

"तुज्यापाशी कुठं घेते रे? वर घेते."

एका वर्षी गणूदादाने तिने लावलेली ओळ उपटली. मी तिथे होतो. "बाटलेला हात माज्या भाताला नको," तो म्हणाला आणि रोपं बांधावर फेकली. काकीने ती गोळा केली. "उपट. रोप तुजंच हाय," म्हणाली, आणि तीच रोपं त्याच जागी लावली. त्याने पुन्हा उपटली. तिने पुन्हा लावली. लावणाऱ्या बायांतल्या एकीला हसू फुटलं. शेवटी त्याची बायको, सखूवहिनी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, तुमी उपटा, ती लावते. आपलं भात काय दिवाळीला लावायचं?" गणूदादा बैलांकडे निघून गेला. ओळ राहिली. त्या ओळीला पीक इतर ओळींइतकंच आलं.

तिच्या स्वतःच्या लावणीला कोणी येत नसे. तरी ती रीत सोडत नसे. ज्याचं शेत, त्याने लावणाऱ्यांना पेज द्यायची. म्हणून ती पेजेचं मडकं भरून बांधावर ठेवी आणि एकटी लावत राही. संध्याकाळी मडकं तसंच घरी जाई. निम्मं शेत दर वर्षी पडीक राही, भात पुरत नसे त्या महिन्यांना नाचणी आणि रानातली भाजी. माझ्या आईने एकदा तिला विचारलं, कोणी येत नाही तर मडकं कशाला? काकी म्हणाली, "आली कोन, तर उपाशी लावील काय?"

तिचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शहापूरला असत. त्यांना हे सगळं कळलं तेव्हा ते स्वतः आले. चर्चच्या आवारात एक खोली रिकामी आहे, शेत विकून तिकडे या, तिथे आपली माणसं आहेत, असं त्यांनी समजावलं. ते भले गृहस्थ होते आणि बोलणं काळजीचं होतं. काकी म्हणाली, "शेजाऱ्यावर माया करा म्हनून तुमीच सांगता. मी शेजार सोडून आली, तर कोनावर करू? तुमच्या भिंतीवर?"

रविवारीही ती लोकांची लावणी करते, हेही त्यांच्या कानावर गेलं होतं. त्याला तिचं उत्तर तयार होतं. "माजं शेत रविवारी मी शिवत नाय. दुसऱ्याचं लावते, ते काम नाय. तुमी तिकडं गाता, मी हिकडं लावते." पाळकांनी तिच्या हातची पेज घेतली आणि ते परत गेले.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं त्या पावसाळ्यात काकी हिवतापाने गेली. मागे मूलबाळ नव्हतं. रोपं लावणीला आली होती. पाळक बैलगाडी घेऊन आले, शहापूरच्या दफनभूमीत न्यायला. गणूदादा गाडीच्या वाटेत उभा राहिला.

"कुठं नेता तिला?"

"आपल्या माणसांत. इथे तिचं कोण आहे?"

"जिती होती तवा आमच्या छळानं गेली नाय. आता मेल्यावर नेता व्हय?"

"छळ तुम्हीच केलात ना, दादा?"

"व्हय. आमीच. म्हनून सांगतो. ती हितंच ऱ्हाईल."

पाळकांनी गाडीचे बैल सोडले. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला, तिच्याच माळावर तिला मूठमाती दिली. प्रार्थना चालू असताना गणूदादा लांब उभा होता. जवळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खाचरात घरटी एक बाई होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. चिखल गणूदादाने आपल्या बैलांनी केला. सखूवहिनीने पेजेचं मडकं आणून बांधावर ठेवलं. पडीक राहायचं ते निम्मं शेतही त्या दिवशी लागलं. कापणी कोण करणार, भात कोण खाणार, कोणी विचारलं नाही. आईने एवढंच विचारलं, "गणूदा, हे कोनासाठी?" तो म्हणाला, "तिची सावड आमच्या अंगावर हाय."

आमच्याकडे पुरुष चिखल करतात, लावणी बायांची. गणूदादाने बैल सोडले, पाय धुतले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, रोपांची मूठ घेऊन पुन्हा खाचरात उतरला. उभ्या जन्मात त्याने लावणी केली नव्हती. त्याची ओळ बांधापासून बांधापर्यंत वाकडी गेली. सखूवहिनीने मान वर करून ती पाहिली आणि पुन्हा वाकली.

ती ओळ कोणी उपटली नाही.