बुंदीची वाकळ

कळंबोलीत त्या वेळी घरं कमी आणि गवत जास्त होतं. लोखंड बाजारात दिवसभर सळया आपटायच्या, ट्रकवाल्यांच्या धाब्यांवरनं धूर निघायचा, आणि सिडकोच्या बैठ्या घरांच्या रांगेत, दारापुढच्या कट्ट्यावर, राजाबाई वाकळ शिवत बसलेली असायची. तिला गोधडी म्हटलेलं खपत नसे. गोधडी तुमची फ्लॅटवाल्यांची, आमच्या खटावात ती वाकळच, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. गिऱ्हाईकही मग मुकाट वाकळ म्हणायचं, कारण तसा धावदोरा आख्ख्या सेक्टरात दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हता. दोरा दुहेरी, वर मेण लावून ओढलेला. बैलानं ओढला तरी तुटायचा नाही, हीच तिची जाहिरात.

नवरा गंगाराम लोखंड बाजारात हमाल. एकुलती लेक कोरेगावला दिलेली. गावाकडची गाय, दोन शेरडं आणि कोंबड्या धाकट्या जावेच्या गळ्यात घालून राजाबाई इकडं आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी उठल्या उठल्या तिचा हात वैरणीची पेंढी चाचपायचा, आणि हाताला लागायचा गॅसचा सिलिंडर.

वाकळेचं तिचं एक शास्त्र होतं. वर जुनं लुगडं, आत धोतरं, सुरुवात कोपऱ्यापासून, मग कडेकडेनं आत येत मध्यापर्यंत. आणि शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा एक तुकडा सरकवायचा. का, तर आईनं सांगितलेलं, वाकळ उपाशी निजवू नये. उपाशी वाकळ माणसाची झोप खाते. फ्लॅटवाल्या बायका हे ऐकून तोंडाला पदर लावायच्या. राजाबाई तुकडा घालायचीच.

समोरच्या चार मजली सोसायटीत सुधीर आणि मीना राहायचे. सुधीर तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, माणसं मूळची चिपळूणची. त्यांची ऋता सातवीत होती. शाळेतनं आली की दप्तर घरात टाकून ती कट्ट्यावर यायची, राजामावशीला सुया ओवून द्यायची आणि गावाकडच्या गाईच्या गोष्टी ऐकायची. गाय कशी पान्हा चोरायची, मग तिला कशी गोंजारायची, हे तिला पाठ झालं होतं, तरी ती परत विचारायची. आपल्या लेकीनं जे कधी कान देऊन ऐकलं नाही ते ही पोरगी ऐकते, याचं राजाबाईला फार अप्रूप होतं. बोलून दाखवायची नाही ती गोष्ट वेगळी.

अशात सुधीरनं मुंबईहून पोरीसाठी हॅमस्टर आणला. सोनेरी रंगाचा, मुठीएवढा, शेपूट असून नसल्यासारखी. मादी होती, ऋतानं तिचं नाव बुंदी ठेवलं. राजाबाईनं पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आमच्याकडं उंदराला पिंजरा लावत्यात मारायला. तुमच्यात पोसायला लावत्यात व्हय?"

मे महिन्यात चिपळूणला सुधीरच्या भावाचं लग्न निघालं. बुंदीला एस.टी.तनं न्यायचं कसं? ऋता पिंजरा घेऊन सरळ कट्ट्यावर आली. बिया किती, पाणी कसं, भुसा कधी बदलायचा, सगळं तिनं तोंडी सांगितलं. एका ताटलीत वाळू होती. बुंदी त्या वाळूत लोळते, तीच तिची आंघोळ, तिला पाणी लावायचं नाही. कोंबडी राखेत लोळते तसंच की, मला नको शिकवू, असं राजाबाईनं तिला गप्प केलं. पोरगी निघाली, आणि फाटकातनं मागं वळली.

"मावशी, मी येईन तेव्हा ती अशीच पाहिजे हं."

"आशीच काय, जाडजूड करून देते," राजाबाई म्हणाली.

बुंदी आली ती शिंकतच. सुधीरनं भुसा आणला होता खोकी बनवणाऱ्या वर्कशॉपातनं. राजाबाईनं मूठभर नाकाशी धरला. रंगाच्या डब्यासारखा उग्र वास, आणि पिठासारखी धूळ. यात मी निजले तर मलाही शिंका येतील, म्हणत तिनं सगळा भुसा उकिरड्यावर टाकला. तिथपर्यंत तिचं बरोबर होतं.

आता खाली घालायचं काय? गावाकडं प्रश्न नसता पडला. गोठ्यात पाचट पसरायचं, खुडूक कोंबडीच्या डालग्यात भाताचं काड घालायचं. इथं गवत होतं, पण रस्त्याकडेचं, ट्रकांचं तेल प्यालेलं. मग तिचा हात आपसूक चिंध्यांच्या गाठोड्याकडं गेला. ऋताच्याच जुन्या फ्रॉकचा तुकडा निघाला, मीनानं मागं दिलेला. तळहाताएवढी वाकळ एका बैठकीत झाली. तोच धावदोरा, तेच मेण. आणि शेवटच्या कोपऱ्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा. लहान झाली म्हणून काय उपाशी निजवायची?

गंगाराम कामावरनं आला आणि पिंजऱ्यापुढं उकिडवा बसला.

"मला लग्नात फाटकी दिलीस, आन उंदराला नवी?"

"उंदीर घोरत न्हाई," ती म्हणाली.

बुंदी वाकळेखाली शिरली आणि नाक तेवढं बाहेर ठेवून निजली. शिंका थांबल्या. राजाबाईला इतका आनंद झाला की शेजारच्या रंगूबाईला ओढत आणून तिनं ते नाक दाखवलं. आता पाळणा बांध आणि बारसं घाल, असं म्हणून रंगूबाई गेली.

दोन-चार दिवस असे सुखात गेले. मग एका दुपारी राजाबाई बिया घालायला गेली तर बुंदी बाहेर येईना. हाक मारली, बोटानं पिंजरा वाजवला. वाकळ उचलली तर तिच्याबरोबर बुंदीही उचलली गेली, लोंबकळत.

कोपरा कुरतडलेला होता. भाकरीच्या वासानं बुंदीनं टाके उसवले होते, तुकडा खाल्ला होता, आणि उसवलेला दोरा मागच्या पायाला वेढे घालून बसला होता. सुटायला ती जितकी ओढत होती, तितका तो आवळत होता. पाय पिकल्या करवंदासारखा काळाजांभळा, टम्म. दोरा कातड्यात रुतून दिसेनासा झालेला.

गंगाराम कामावर. रंगूबाईनं एक नजर टाकली आणि तोंड फिरवून ती घरात गेली. राजाबाईच्या डोळ्यांपुढं ऋता आली, फाटकातनं वळलेली. मग तिनं डोळ्यांपुढचं सगळं बाजूला सारलं. गावाकडं वासराच्या पायाला दाव्याचा फास बसला तेव्हा तिनं विळ्यानं दावं कापलं होतं, वासराच्या लाथा खात. इथं विळ्याचं काम नव्हतं. तिनं बुंदीला पंचात गुंडाळलं, पाय तेवढा बाहेर घेतला, आणि सुईचं टोक दोऱ्याखाली घालायला लागली. बुंदी कडकडून चावली. राजाबाईनं बोट सोडवून घेतलं नाही, तेवढा वेळ नव्हता. आपलाच दोरा, आपणच मेण लावून बळकट केलेला, सुईवर काही केल्या चढेना. चढला तेव्हा ब्लेडनं कापला. पुन्हा दुसरा वेढा. पुन्हा तिसरा. शेवटचा तुटला आणि पायाला हळूहळू रंग चढला, एका बोटाला सोडून.

तशीच ती बुंदीला डब्यात घालून, डबा पदराखाली धरून पनवेलला गुरांच्या डॉक्टरांकडं गेली. रांगेत दोन म्हशी होत्या, एक बोकड होता, आणि ही. डॉक्टर आधी हसले, मग चष्मा लावून नीट बसले. पाय राहील, बोट गळून पडेल, म्हणाले. दोरा, कापूस, चिंधी काहीही आत नको, वासाचा भुसा नको. कोरा कागद फाडून घाला आणि ढीग उंच करा, म्हणजे ती आत बीळ करेल. वाळू धुतलेली, बिनधुळीची.

परत येताना राजाबाईच्या डोक्यात ते बीळ घोळत राहिलं. एवढ्या वाकळा शिवल्या, पण पांघरूण माणसाला लागतं, या जिवाला नुसतं शिरायला पाहिजे, हे काही सुचलं नव्हतं. घरी आल्याबरोबर तिनं ती तळहाताएवढी वाकळ चुलीत घातली असती, पण चूल होती कुठं? कचऱ्यात टाकली.

कागद मिळाला छापखान्यातनं. कापून उरलेली कोरी कतरण त्यांना जडच झाली होती. वाळूचं मात्र अडलं. ताटलीतली रक्तानं आणि घाणीनं खराब झालेली. गंगारामनं शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या ढिगातली आणली. राजाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. खाडीची, खारट, वर सिमेंट मिसळलेलं. जखमेवर मीठ चोळायचं का तिच्या, म्हणाली.

मग गंगारामनं हौसेरावला गाठलं. हौसेराव वडूजकडचा, लोखंड भरून घाट चढणारा ड्रायव्हर. पुढच्या खेपेला तो गावाकडच्या येरळा नदीची वाळू किटली भरून घेऊन आला आणि दारातनंच म्हणाला, "वैनी, लोक गावाकडनं तूप मागवत्यात. तुमी वाळू."

राजाबाईनं किटलीत हात घातला आणि तसाच ठेवला. उन्हाळ्यात येरळा आटली की बायका वाळूत झिरा खणायच्या. कोपरभर खाली गेलं की हाताला गार लागायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची. तेव्हा ते काम जिवावर यायचं. आता हात काढावासा वाटेना. काढला, कारण बुंदी वाट बघत होती. वाळू पाण्यात खळबळली, गढूळ पाणी ओतलं, निवळ येईस्तोवर तेच केलं. चाळणीनं खडे काढले. कढईत कोरडी भाजली, किडामुंगी राहू नये म्हणून, आणि गार करून ताटलीत घातली. बुंदी लंगडत आली आणि आडवी होऊन लोळली.

चिपळूणची माणसं परत यायची झाली तसा गंगाराम म्हणाला, पिंजऱ्याच्या तारेत पाय अडकला म्हण, पोरीला काय कळतंय. राजाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा अर्धा ठेवून बाहेर गेला.

ऋता आली, पिंजऱ्यात डोकावली, आणि बोटं मोजायला लागली.

"वाकळ मी घातली हुती," राजाबाई म्हणाली. "दोरा माझा. त्यात पाय आवळला. येक बोट गेलं."

ऋतानं पिंजरा उचलला आणि गेली. मीना संध्याकाळी येऊन अहो चालायचंच म्हणून गेली, लग्नातले लाडू देऊन गेली. पोरगी आली नाही. शाळा सुरू झाली तरी आली नाही. राजाबाई कट्ट्यावर बसायची, सुई स्वतःच ओवायची, चार वेळा चुकवून. समोरच्या गॅलरीत पिंजरा दिसायचा. त्याकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि बघायची.

एका रविवारी कट्ट्यापुढं सावली पडली. ऋता होती, हातात ताटली.

"बाबांनी खालची बिल्डिंगची वाळू आणली. ती परत शिंकतेय."

राजाबाईनं मांडीवरची वाकळ बाजूला केली.

"टाक ती तिकडं. किटलीत हाय थोडी. पर भाजून देनार न्हाई मी आयती, तुजी तू शिक. ये आत."

ऋता चप्पल काढून आत आली आणि मोरीपाशी बसली. राजाबाईनं पातेल्यात वाळू ओतली, वर पाणी सोडलं. पोरीनं दोन्ही हात आत घातले आणि ढवळायला लागली.

मग खाली मान घालून ऋतानं विचारलं, "मावशी, ती गाय पान्हा चोरायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"